मागचं किती पुसायचं?

प्रश्न इचलकरंजीहून आलाय. मुलगा कॉलेजात आहे. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आणि नुकतीच घेतलेली पन्नासची १.८ लेन्स. बहिणीला घेऊन कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेला, संध्याकाळी चौपाटीवरचे दिवे लागल्यावर तिला कट्ट्यावर बसवलं आणि जवळ जाऊन फोटो काढले. तो लिहितो: "सर, मागचं एकदम आउट झालं, दिव्यांचे गोळे मस्त आले. पण ताई ताईसारखी दिसत नाही. चेहरा चिकटवल्यासारखा वाटतो, नाक मोठं वाटतं, आणि नजर सारखी तिच्या कानामागच्या लाल डागावर जाते. बॅकग्राउंड ब्लर केल्यानं माणसावर परिणाम होतो का, की माझंच काही चुकलं?"

दोन्ही. परिणाम होतोच, आणि तो कसा होतो हे न बघता तू लेन्सचं सगळं भोक उघडून मोकळा झालास. नवी लेन्स आली की आम्हीही हेच केलं होतं, त्यात लाज नाही. पण तू फोटो पाठवलास आणि तिन्ही तक्रारी नेमक्या लिहिल्यास, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

आधी माप. ब्लर किती येणार हे लोक "एफ नंबर कमी की ब्लर जास्त" एवढ्यावर सोडून देतात. माझी रीत वेगळी आहे. लेन्सच्या फोकल लेंथला (तुझ्या लेन्सवरचे ५० मि.मी.) एफ नंबरनं (१.८) भाग. ५० भागिले १.८, म्हणजे साधारण २८ मि.मी. हे झालं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर. आता खूप लांबचा एक दिवा घे. फोकसच्या बाहेर असल्यानं तो फोटोत ठिपका न राहता गोळा होतो. हा गोळा, ताईचा चेहरा ज्या अंतरावर आहे त्या अंतरावर मोजला, तर जवळजवळ त्या भोकाएवढाच भरतो. दहा रुपयांचं नाणं २७ मि.मी.चं असतं. म्हणजे तुझ्या फोटोतला चौपाटीचा प्रत्येक दिवा ताईच्या गालाशेजारी दहाचं नाणं धरावं तेवढा मोठा आहे. माणसाचा डोळाही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जवळपास तेवढाच असतो. ताईच्या दोन डोळ्यांभोवती तू डोळ्यांच्याच मापाची पंचवीस-तीस चकचकीत वर्तुळं मांडून ठेवलीस. बघणाऱ्यानं कुणाच्या डोळ्यांत बघायचं?

मागची वस्तू फार लांब नसेल, तर हा गोळा लहान होतो. किती लहान, तेही तोंडी काढता येतं. माणसापासून भिंत किती लांब, भागिले कॅमेऱ्यापासून भिंत किती लांब, आणि जे येईल त्यानं भोकाला गुणायचं. माणूस कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि भिंत त्याच्या मागं दोन मीटरवर असेल, तर गोळा भोकाच्या निम्मा. माणूस भिंतीला टेकून उभा असेल, तर शून्य, मग लेन्स दोन लाखांची का असेना. या हिशोबात सेन्सर कुठंच येत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. क्रॉप सेन्सरवर ब्लर कमी वाटतो, कारण तेवढाच चेहरा चौकटीत बसवायला आपण लांब उभे राहतो (मागची भिंत जवळ असेल तर त्यानं गोळा लहान होतो) किंवा कमी फोकल लेंथची लेन्स लावतो. "फुल फ्रेम घेतल्याशिवाय ब्लर येत नाही" असं सांगणाऱ्याला चहा पाज आणि सोडून दे.

आता नाक. यात ब्लरचा थेट दोष नाही, ब्लरच्या हावेचा आहे. फोटो बघून तू तिच्यापासून ८० सेंटीमीटरवर असशील असं वाटतं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागं असतो. ८० वरून बघितलं तर कान नाकापेक्षा १५ टक्के लांब पडतो, आणि तेवढंच नाक मोठं दिसतं. दोन मीटरवरून बघितलं तर हाच फरक ६ टक्के. चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते, लेन्सवर किंवा ॲपर्चरवर नाही. "पंच्याऐंशीची लेन्स चेहरा सुंदर करते" असं म्हणतात ते एवढ्याचसाठी, की ती लावल्यावर माणूस मुकाट्यानं मागं सरकतो.

आणि गंमत बघ. तू ८० सेंटीमीटरवरून १ मीटर ६० वर गेला असतास, तर चौपाटीचे ते गोळे चेहऱ्याच्या मानानं तेवढेच राहिले असते. दिवे लांब आहेत, भोक तेच आहे, चेहऱ्याशेजारचं नाणं दहाचंच राहतं. चौकटीत चेहरा लहान येईल हे खरं, पण नाक ताळ्यावर येईल. शिवाय ८० सेंटीमीटरवर एफ/१.८ला तुझ्या कॅमेऱ्यात जेमतेम पावणेदोन-दोन सेंटीमीटर जाडीचा पट्टा टोकदार, म्हणजे स्पष्ट येतो. डोळ्यावर फोकस केलास की नाकाचा शेंडा बाहेर, कान बाहेर, जबड्याची कड बाहेर. अंतर दुप्पट केलंस की हा पट्टा चौपट, सात सेंटीमीटरच्या वर जातो. नंतर फोटो कापून चेहरा पहिल्याएवढा मोठा केलास तर पदरात दुप्पटच पडतं, पण साडेतीन सेंटीमीटरही दोनपेक्षा बरे.

"ताई ताईसारखी दिसत नाही" याचं अर्धं उत्तर याच पट्ट्यात आहे. आपण ओळखीच्या माणसाला डोळ्यांवरून ओळखतो असं वाटतं, पण जबड्याचं वळण, कानाची पाळी, कपाळावर केस कुठून सुरू होतात, या सगळ्यातून ओळख पटते. फक्त डोळे आणि पापण्या चिरल्यासारख्या स्पष्ट आणि बाकी चेहरा लोण्यासारखा झाला की मुखवटा होतो. मी चेहऱ्याच्या फोटोला बहुतेक वेळा एफ/२.८ ते एफ/४ वर असतो. माझ्याकडं १.४ची लेन्स आहे, पण १.४ हे मुख्यतः काळोखासाठी ठेवलेलं आहे.

लग्नात तर हा पट्टा रडवतो. मुंडावळ्या बांधलेल्या असतात, त्यांचे मोती चेहऱ्याच्या पुढं दोन-तीन सेंटीमीटर लोंबतात, आणि ऑटोफोकसला मोती फार आवडतात. अक्षता पडतानाचा एक फोटो माझ्याकडं आहे. मोत्यावरचा उजेडाचा कणसुद्धा मोजता येतो आणि नवरीचे डोळे धुक्यात आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला आठवतं, फोटोला आठवत नाही. तेव्हा १.८वर होतो. त्या दिवसापासून मुंडावळ्या बांधल्या की मी एफ/४च्या खाली उतरत नाही, आणि दोघं एकत्र असले तर ५.६. नवरा नवरीपेक्षा वीतभर मागं उभा असतोच, त्याला पुढं या म्हटलं की तो आणखी मागं जातो.

आता "चिकटवल्यासारखा". हे शोधायला मला तुझा फोटो दोनदा बघावा लागला. ताई टोकदार आहे, आणि तिच्यानंतर जे काही आहे ते थेट पलीकडच्या काठावर. मधे काहीच नाही. कट्टा चौकटीबाहेर कापला गेलाय, पाणी काळोखात गेलंय. ब्लर शून्यावरून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारतो. डोळ्याला मधल्या पायऱ्या लागतात. जवळचं किंचित पुसट, त्यामागचं आणखी पुसट, असं उतरत गेलं की माणूस त्या जागेत बसलेला वाटतो. कट्ट्याची कड तिच्या कोपराजवळून निघून मागं जाताना दिसली असती, तर तीच कड पायरीसारखी उपयोगी पडली असती. दुसरं म्हणजे उजेड. मागचे दिवे पिवळे आणि तिच्या चेहऱ्यावर समोरून पांढराफटक उजेड, मोबाईलचा टॉर्च मारलास ना? मागचा उजेड एका जगातला आणि चेहऱ्यावरचा दुसऱ्या, त्यात मधल्या पायऱ्या गायब. कात्रीनं कापून डकवल्यासारखं दिसणारच.

याच्या पुढची पायरी म्हणजे माणूस खेळण्यासारखा दिसणं. हे पूर्ण उभ्या फोटोत जास्त होतं. भरदिवसा आपल्या डोळ्याची बाहुली दोन ते चार मिलिमीटरची असते. एवढ्या बारीक भोकातून समोर उभा असलेला अख्खा माणूस बघताना मागचं जग आपल्याला कधीच इतकं पुसट दिसत नाही. इतकं पुसट कधी दिसतं? मुंगी, अंगठीतला खडा, सुईचं नेढं असं काही नाकाजवळ धरून बघताना. त्यामुळं पुसटपणा दिसला की मेंदू मनात म्हणतो, वस्तू लहान आहे आणि जवळ आहे. ८५ मि.मी.च्या १.८ लेन्सचं भोक ४७ मि.मी. म्हणजे एवढी मोठी बाहुली असलेल्या राक्षसाच्या डोळ्यानं आपण जग बघतो, आणि राक्षसाला माणसं लहानच दिसणार. डोळ्यातली बाहुली मोठी केली की समोरचा माणूस बाहुली होतो, असं मी शिकणाऱ्या पोरांना सांगतो. मराठीत हा शब्द दोन्हीकडं चालतो, आयता मिळालाय.

आता मला एका फोटोबद्दल सांगायचंय, कारण ब्लरबद्दल मला जे कळलंय ते बहुतेक त्या एका दुपारी कळलं.

शहरातल्या एका जुन्या तालमीत एका तरुण पैलवानाचा फोटो काढायचा होता. तालमीत काळोख असतो. वर एक झरोका, त्यातून उजेडाची तिरपी फळी लाल मातीच्या हौद्यावर पडते. मागच्या भिंतीत मारुतीचा कोनाडा, त्याच्या बाजूला गदा टेकवलेली, वर शाहू महाराजांची तसबीर. पोरगा नुकताच मेहनत करून उठला होता, खांद्यावर माती सुकत चालली होती, आणि मानेवरून घामाचा ओघळ त्या मातीतून वाट काढत खाली आला होता. कान दोन्ही मोडलेले. मी ८५ लावली, १.८ उघडली, त्याला हौद्याच्या कडेला माझ्यापासून दोन मीटरवर उभं केलं. भिंत त्याच्या मागं तीन मीटर. फोटो असा आला की मीच स्वतःवर खूश झालो. मागं नुसता तांबूस अंधार आणि पुढं तो.

वस्तादांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितला, म्हणाले, "पोरगं झ्याक आलंय. पन तालीम कुठं हाय? ह्यो फोटू पुण्यात बी निघाला असता."

मी म्हटलं, मागं ब्लर केलंय, म्हणजे लक्ष त्याच्यावर राहतं. तर म्हणाले, "त्याच्यावर राहिलं, पन त्यो कोन हाय त्ये गेलं की."

वाद घालायला तोंड उरलं नाही. घरी येऊन हिशोब केला. भोक ४७. भिंतीचं अंतर पाच मीटर, त्यातलं तीन मीटर पैलवानाच्या मागचं, म्हणून ४७चे तीन पंचमांश, २८ मि.मी.चा गोळा. कोनाड्यातला मारुती फूटभर उंचीचा. पाच मीटरवरचा फूटभर मारुती दोन मीटरच्या मापानं १२ सेंटीमीटरचा दिसतो. बारा सेंटीमीटरच्या आकृतीवर २८ मिलिमीटरचा बोळा फिरवला, म्हणजे जवळपास चौथाई. एवढ्यात आकृती उरत नाही, शेंदरी डाग उरतो. माझ्या अनुभवात गोळा वस्तूच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असला की वस्तू ओळखू येते, चौथाईवर गेला की नुसता रंग उरतो. मधल्या पट्ट्यात "काहीतरी आहे" एवढं कळतं. हा नियम पुस्तकात शोधू नको, माझ्या हार्ड डिस्कमधून आलाय.

मग उपाय काय? एफ/५.६ केलं तर गोळा ९ मिलिमीटरवर येतो, मारुतीच्या तेराव्या हिश्श्याएवढा. ओळखू येईल. पण १.८वरून ५.६ला जायचं म्हणजे दहापट उजेड घालवायचा, आणि तालमीत उजेड कुठून आणू? शटर सेकंदाच्या २००व्या भागावरून ६०व्या भागावर आणायचं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० वरून २५०० च्या पुढं न्यायचा, तेव्हा जमेल. जमतंही. पण दुसरी वाट फुकट होती. पैलवानाला दोन मीटर मागं नेलं, भिंतीपासून एकच मीटर ठेवला, आणि मीही तेवढाच पुढं सरकलो. आता भिंत माझ्यापासून तीन मीटर. ४७चा तिसरा हिस्सा, साडेपंधरा मिलिमीटर. तीन मीटरवरचा मारुती दोन मीटरच्या मापानं २० सेंटीमीटरचा. पुन्हा तेरावाच हिस्सा. ॲपर्चरला हातही न लावता! लेन्स १.८वरच, आयएसओ ८००च, फक्त माणसाची जागा बदलली.

दुसऱ्या आठवड्यात गेलो आणि तसा काढला. झरोक्याची फळी भिंतीजवळ पोचत नव्हती, म्हणून दुपारी उशिरापर्यंत थांबावं लागलं. एवढं करून ॲपर्चर अर्धा थांबा (स्टॉप) बंद केलं, २.२ वर. मागं मारुती आहे हे कळतं, त्याच्या डोळ्यांत बघता येत नाही. गदेचा गोल दिसतो, महाराजांच्या फेट्याची रेघ दिसते. वस्तादांनी बघितला, काही बोलले नाहीत, पण त्याची मोठी प्रिंट मागितली.

तेव्हापासून मी फोटो काढण्याआधी स्वतःला विचारतो, मागच्या कुठल्या गोष्टी ओळखू यायला हव्यात आणि कुठल्या पुसल्या जायला हव्यात. त्यावरून माणसाला कुठं उभा करायचा ते ठरतं, आणि ॲपर्चर सगळ्यात शेवटी. तू उलट्या क्रमानं गेलास.

मागचं असं ठरवून पुसणं कोल्हापूरला नवीन नाही खरं तर. माझ्या वडिलांच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा होता: खांब, जिना, लांब बाग, वर ढग. १२० नंबरच्या रुंद फिल्मचा कॅमेरा, ८० मि.मी.ची लेन्स, एफ/८. आज हिशोब केला तर भोक फक्त १० मि.मी. आणि पडदा माणसाच्या मागं दीड मीटर, म्हणजे ब्लर चारेक मिलिमीटर. लेन्स काहीच पुसत नव्हती. म्हणून पडदा रंगवणारा पेंटरच पुसून द्यायचा. खांबाच्या कडा ओल्या असतानाच कोरड्या ब्रशनं मोडायच्या, लांबची झाडं आणखी मोडायची, माणसाच्या डोक्यामागं येणारा भाग सगळ्यात मऊ. एकदा नवख्या पेंटरनं जिन्याची पायरी न् पायरी कोरून आणली. वडिलांनी पैसे दिले आणि म्हणाले, गिऱ्हाईक खुर्चीत बसणार आहे, जिना चढणार नाही. पडदा परत गेला.

कोल्हापूरचेच कलामहर्षी बाबुराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हेही १९१०च्या दशकात नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते. पुढं बाबुरावांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि चित्रपटात मात्र रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे उभारलेले सेट वापरले. पडदा ज्याच्या हातचा, त्यालाच पडदा कुठं पुरत नाही हे आधी कळलं.

फोटोग्राफीच्या जगात यावरून भांडणंही झाली आहेत. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर हेन्री एमर्सन म्हणत होते की मुख्य विषय स्पष्ट असावा आणि बाकीचं किंचित मऊ, कारण डोळाही तसंच बघतो. किंचित, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं. १९३२मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी गट काढला तो थेट एफ/६४च्या नावानं, म्हणजे पायाजवळच्या गवतापासून डोंगरापर्यंत सगळं टोकदार. दोघांचंही काम बघ, मग तुला कुणाचं पटतं ते ठरव.

ब्लरची जातही असते, नुसतं प्रमाण नाही. त्यासाठी "बोके" हा शब्द जपानीतून आला, आपल्या बोक्याशी त्याचा संबंध नाही. १९९७ साली माइक जॉन्स्टन यांच्या अमेरिकन मासिकातून तो इंग्रजीत रुळला. काही लेन्स गोळ्याचा मध्य उजळ आणि कड विरघळलेली देतात, काही कड उजळ आणि मध्य पोकळ, बांगडीसारखी. दिव्यांच्या बाबतीत बांगड्या बऱ्या दिसतात. पण मागं उसाचं रान असेल तर वाट लागते. उसाच्या पात्यांच्या कडांवर दुपारचं ऊन चमकतं, आणि प्रत्येक पात्याच्या दोन रेघा होतात. शेतकऱ्याच्या डोक्यामागं मागचं पुसण्याऐवजी खरखर तयार होते. तिथं ॲपर्चर आणखी उघडून उपयोग नाही. ऊन उतरेपर्यंत थांबायचं किंवा त्याला सावलीतल्या कडेला न्यायचं. पन्नासच्या जुन्या स्वस्त कॅनन लेन्समध्ये ॲपर्चरची पाच पाती होती, २.८ला बंद केली की दिवे पंचकोनी यायचे. २०१५मध्ये आलेल्या एसटीएममध्ये सात गोलसर पाती आहेत. तुझी कुठली ते बघ. चौकटीच्या कोपऱ्यात गोळे मांजराच्या डोळ्यासारखे चपटे येतात, तो लेन्सच्या नळीचा परिणाम, एखादा थांबा बंद केला की बराच जातो.

मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडबद्दल थोडक्यात. तिथं भोक दोन ते पाच मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ डोळ्याच्या बाहुलीएवढंच. खरा ब्लर फारसा येत नाही, तो मागाहून मोजून घातलेला असतो. हल्ली फार चांगला जमतो, पण फेट्याचा तुरा, नथीतली पोकळी, चष्म्याच्या काचेतून दिसणारं मागचं, कमरेवर ठेवलेल्या हाताचा त्रिकोण, इथं अजून फसतो. फेट्याचा शेमला अर्धा गायब झालेले नवरदेव मी दर हंगामात बघतो.

मागचं वेगळं करायला ब्लरच लागतो असंही नाही. गुऱ्हाळावर जा. काहिलीतून वाफ उठत असते, सकाळी तिच्यातून ऊन येतं. रस ढवळणारा माणूस वाफेच्या पुढं येईल अशा जागी उभा राहा आणि एफ/५.६, एफ/८, काहीही ठेव. मागचे खांब, धुराडं, उसाची मोळी सगळं वाफेनं फिकट करून ठेवलेलं असतं, आणि तो गडद रेषेत उभा असतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतही मी एफ/८वर असतो. गुलालच हवेत इतका असतो की दहा फुटांपलीकडची माणसं आपोआप गुलाबी होत जातात. सासनकाठी धरलेल्या माणसामागची गर्दी लेन्सनं पुसली तर यात्रा कसली?

राहिला तुझा लाल डाग. ब्लर रेघा पुसतो, रंग आणि उजेड पुसत नाही. उलट अक्षरं, आकार, घड्या गेल्यामुळं उरतो तो नुसता सपाट लाल, आणि तो आधीपेक्षा पसरट होतो. टोकदार असती तर ती आइस्क्रीमच्या गाडीची छत्री आहे हे नजरेला एका क्षणात कळलं असतं आणि नजर पुढं गेली असती. आता ते काय आहे हे कळत नाही, म्हणून नजर परत परत तिथं जाते. मागं लाल, पिवळं, पांढरं असं काही भडक असेल, तर ते पुसायच्या भानगडीत पडायचं नाही, चौकटीतून काढायचं.

तर पुन्हा रंकाळ्यावर जा, पण सूर्य बुडल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आकाशात निळं शिल्लक असताना. पाण्यावर ते निळं उतरतं आणि ताई व दिवे यांच्यामधली पायरी आयती मिळते. टॉर्च खिशात ठेव. एखाद्या गाडीवरच्या पिवळ्या दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा येईल असं बसव, म्हणजे तिच्यावरचा आणि मागचा उजेड एका घरातले वाटतील. कट्ट्याची कड चौकटीत घे. १ मीटर ६० वर उभा राहा, एफ/२.८ कर. भोक १८ मि.मी. होईल, गोळे तिच्या डोळ्यांपेक्षा लहान होतील, आणि डोळ्यापासून जबड्याच्या मागच्या कडेपर्यंत चेहरा हाताशी येईल. एक फोटो १.८वर आणि एक ५.६वरही काढ, तिन्ही शेजारी ठेवून ताईलाच विचार, यातली तू कोणती.

आणि बटण दाबण्याआधी एक पाऊल डावीकडं सरक. छत्री तिच्या डोक्यामागं जाईल.